चोरीची धमाल: रंगमंचावर की पडद्यावर?
ठाण्यात हलकीफुलकी चोरीची गोष्ट करायची, तर दोन वाटा आहेत: गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात दोन अंकी नाटक, नाहीतर तलावपाळीच्या आसपास चित्रित केलेला लघुपट.

एक नियम दोन्हीकडे लागू. बेत प्रेक्षकांना आधी सांगितला, तर तो फसायलाच हवा. तडीस जाणार असेल, तर लपवून ठेवा. नाहीतर तेच दोनदा पाहिल्यासारखं होतं.

लघुपटात बेत आणि चोरी आलटूनपालटून दाखवता येते. कुलपात किल्ली अडकल्यावर कपाळावर आलेला घाम अगदी जवळून दिसतो. मात्र संकलनात नटाची प्रतिक्रिया दहा-बारा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, लवकर कापली, तरी हशा मरतो.

नाटकात कात्री नाही, सगळा भार नटावर. ‘दागिन्यांच्या’ बॅगेत चार-पाच किलो रद्दी भराच. रिकामी बॅग उचलताना खांदा झुकत नाही आणि खोटेपणा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. हशा ओसरू लागला की पुढचं वाक्य घ्यायचं. आधी घेतलं तर ते बुडतं, पूर्ण शांततेची वाट पाहिली तर लय तुटते. आणि चोराने विनोद करायचा नाही. त्याला कुलूप उघडायचंय, बस. नट हसवायला लागला की पकडलं जाण्याची भीती संपते, मग हसणार कशाला?

आमचा कौल नाटकाला. बॅग भलत्याच हातात गेलेली अख्ख्या प्रेक्षागृहाला दिसते, फक्त चोराला दिसत नाही. तेव्हा सभागृहात जी चुळबुळ सुरू होते, ती मोबाइलच्या पडद्यासमोर एकट्याने बसून मिळत नाही.