आधी एटीआर की थेट एअरबस? नव्या वैमानिकासाठी दोन वाटांची तुलना

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नुकताच हाती आला आहे, लॉगबुकात दोनशेच्या आसपास तास जमले आहेत आणि पुढचे पाऊल ठरवायचे आहे, अशा तरुणांसाठी ही तुलना आहे. पहिली वाट म्हणजे प्रादेशिक कंपनीत एटीआर ७२ सारख्या टर्बोप्रॉप (पंख्यांच्या) विमानावर सहवैमानिक म्हणून रुजू होणे आणि काही वर्षांनी मोठ्या कंपनीच्या जेटकडे वळणे. दुसरी वाट म्हणजे थोडी प्रतीक्षा करून, बहुधा आणखी खर्चही सोसून, सुरुवातच एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ वर करणे.

या विषयावर वाचायला मिळणारा बहुतेक सल्ला अमेरिकेतला असतो आणि तो जसाच्या तसा इथे लागू पडत नाही. तिथे प्रादेशिक कंपन्या मोठ्या कंपन्यांच्याच नावाने आणि रंगाने विमाने उडवतात. एन्व्हॉय, पीएसए आणि पिडमाँट या तर अमेरिकन एअरलाइन्सच्याच मालकीच्या आहेत, आणि त्यांच्या वैमानिकांना पुढे मूळ कंपनीत जाण्याचा मार्ग करारानेच आखून दिलेला असतो. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरच्या विमानाला झालेल्या अपघातात ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१३ पासून तिथल्या सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागतो. भारतात २०० तासांच्या परवान्यावर थेट ए३२० च्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या आसनावर बसता येते. त्यामुळे अमेरिकेत प्रादेशिक कंपनी ही जवळपास अटळ पायरी ठरते, तर आपल्याकडे ती निवड आहे. आणि पुढच्या पायरीची हमी देणारा करार मात्र इथे सहसा नसतो.

आता प्रत्यक्ष उड्डाणाकडे वळू. भारतात वैमानिकाला वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडता येते, मग विमान कोणतेही असो. फरक पडतो तो त्या तासांत काय घडते यात. एटीआरचे बहुतेक सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचे टप्पे, तासाभराचे असतात आणि दिवसाला चार-चार होतात. मुंबई–दिल्ली मार्गावरच्या ए३२० ला एका सेक्टरलाच दोन तास लागतात. म्हणजे तेवढ्याच तासांत एटीआरवरच्या सहवैमानिकाच्या वाट्याला जवळपास दुप्पट उड्डाणे आणि लँडिंग येतात. शिवाय एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नसल्यामुळे पावसाळी ढग ओलांडून जाण्याची सोय फारशी नसते. त्यांना वळसा घालणे, वाट पाहणे किंवा परत फिरणे हे निर्णय रोज घ्यावे लागतात. लक्षद्वीपमधील अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरच आहे. अशा ठिकाणी वेगात थोडीही चूक झाली तरी ती सावरून घ्यायला जागा उरत नाही. जुलैतल्या कोकणच्या पावसात सिंधुदुर्गला विमान उतरवणाऱ्याला जे शिकायला मिळते, ते सिम्युलेटरमध्ये पूर्णपणे मिळत नाही, असे मला ठामपणे वाटते. ए३२० ची बाजूही कमी महत्त्वाची नाही. फ्लाय-बाय-वायर प्रणाली (वैमानिकाच्या हालचाली संगणकामार्फत विमानापर्यंत पोहोचवणारी), स्वयंचलन व्यवस्थेची शिस्त, गजबजलेले विमानतळ आणि रात्रीची लांब उड्डाणे यांची सवय तिथे पहिल्या दिवसापासून लागते, आणि पुढची सगळी कारकीर्द त्याच प्रकारच्या कॉकपिटमध्ये जाणार असेल तर ही सवय मोलाची आहे.

मात्र निर्णयाचे खरे वजन कमांडमध्ये, म्हणजे कॅप्टनपदात आहे. कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल, म्हणजे वैमानिकाचा सर्वोच्च परवाना लागतो आणि त्यासाठी किमान १,५०० तास हवेत. दोनशे तासांवरून निघालेला सहवैमानिक नियमित उडाला तर दोन वर्षांच्या आसपास हा आकडा गाठू शकतो. पण ही केवळ कायद्याची किमान अट झाली. कंपन्यांच्या स्वतःच्या अटी याहून कडक असतात आणि त्यावर पुन्हा सिनिऑरिटीची रांग असते. ही रांग प्रादेशिक कंपनीत बहुधा लहान असते, कारण तिथले कॅप्टन सतत मोठ्या कंपन्यांकडे जात असतात. तेव्हा डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या आसनावर लवकर बसायचे असेल तर एटीआरची वाट बहुधा जवळची ठरते.

यातली मेख पुढे आहे. एटीआरवर मिळालेली कमांड दुसऱ्या कंपनीच्या ए३२० वर आपोआप चालत नाही. थेट कॅप्टन म्हणून घेताना कंपन्या साधारणपणे त्याच प्रकारच्या विमानावरचे कमांडचे तास मागतात, त्यामुळे एटीआरच्या कॅप्टनला अनेकदा पुन्हा सहवैमानिक म्हणून सुरुवात करावी लागते आणि नव्या कंपनीच्या सिनिऑरिटी यादीत तळाला जावे लागते. ज्याने सुरुवातच ए३२० वर केली, त्याला या काळात ही दुहेरी चढण लागत नाही. नोटिशीचा मुद्दाही लक्षात घ्यायला हवा. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमानुसार राजीनामा देणाऱ्या सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. म्हणजे कॅप्टन झाल्यानंतर कंपनी बदलणे सहवैमानिक असतानापेक्षा अवघड होते. भरतीची लाट आली आणि तुमची नोटीस वर्षभराची असली, तर ती लाट हातची जाऊ शकते.

म्हणूनच सगळ्या प्रादेशिक नोकऱ्या एकाच मापाने मोजू नयेत. इंडिगोकडे २०१७ च्या अखेरीपासून एटीआर आहेत आणि त्याच छताखाली एअरबसचा मोठा ताफाही आहे. तिथला बदल अंतर्गत असल्याने राजीनामा आणि नोटीस यांचा प्रश्न येत नाही. अलायन्स एअर पूर्वी एअर इंडियाची उपकंपनी होती, पण जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि अलायन्स सरकारकडेच राहिली. त्यामुळे घरातल्या घरात जेटपर्यंत जाणारी शिडी तिथे आता नाही. गोव्यातील मोपाहून मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली फ्लाय९१ केवळ एटीआर ७२-६०० चालवते. ती जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर यांना जोडत असल्याने मराठी तरुणाला घराजवळ काम करण्याची संधी तिथे आहे, पण जेटकडे जायचे तर कंपनी बदलावीच लागेल. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर विमाने वापरते; तास जेटचे मिळतात, मात्र त्या विमानाचे टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता) भारतात दुसरीकडे फारसे कामी येत नाही.

जोखमीचाही हिशोब करावा. एअर कोस्टा, ट्रूजेट या प्रादेशिक कंपन्या बंद पडल्या, पण किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली, तेव्हा मोठ्या कंपनीत जास्त सुरक्षितता असते असे म्हणवत नाही. फरक पडतो तो नंतर. ए३२० चे रेटिंग असलेल्याला अर्ज करायला देशात आणि परदेशात अनेक दारे असतात. एटीआरचे रेटिंग असलेल्याला देशात मोजकीच.

बारावीत असलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र प्रश्नच वेगळा आहे. त्याला मोठ्या कंपनीच्या कॅडेट योजनेतून प्रशिक्षणाआधीच निवड करून घेता येते. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याचे जाहीर केले, ते याच हेतूने. ज्याला हे शक्य आहे आणि खर्च झेपतो, त्याने थेट जेटचीच वाट धरावी.

परवाना हाती असूनही नोकरी नसलेल्याला माझा सल्ला याच्या उलट आहे. कोणाचीही लेखी निवड नसताना स्वतःच्या खर्चाने ए३२० चे रेटिंग करून घरी बसणे ही मला या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक वाटते, कारण कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि न वापरलेले कौशल्य महिन्यागणिक कमी होत जाते. अशाने एटीआरची नोकरी मिळत असेल तर ती घ्यावी. फक्त सही करण्यापूर्वी बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा आणि किती रकमेचा आहे, तो रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजला जातो की लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे प्रशिक्षण) संपल्यापासून, आणि गेल्या दोन वर्षांत तिथल्या किती सहवैमानिकांना कमांड मिळाली, हे तिथे आज उडत असलेल्या दोघा-तिघांना भेटून विचारून घ्यावे.