पहिलं मॉड कशावर करायचं: फर्स्ट कॉपी, सेइको की जुनं घड्याळ?

घरात एक फर्स्ट कॉपी, म्हणजे मोठ्या ब्रँडच्या घड्याळाची नक्कल, पडून असते. कुणीतरी भेट दिलेली, नाहीतर हौसेने घेतलेली. डायलवर मोठं नाव, केस जड, सेकंदाचा काटाही बऱ्यापैकी सरकतो. पण तारखेचा आकडा खिडकीत तिरका बसलेला असतो आणि दिवा मालवला की काटे पाच मिनिटांत विझतात. मग मनात येतं, एवढंच सुधारलं तर? सफायरची काच, नवा ल्युम म्हणजे अंधारात चमकणारा रंग, बरं मशीन. घड्याळं मॉड करण्याचा, म्हणजे त्यांचे भाग बदलून नवं रूप देण्याचा, नाद बऱ्याच जणांना इथूनच लागतो. मलाही इथूनच लागला. मामेभावाने दिलेल्या एका फर्स्ट कॉपीवर मी सात-आठ महिने काम केलं, नंतर सेइकोकडे वळलो, मधे दोन जुनी चावीची घड्याळंही उघडली. तेव्हा हे तिन्ही रस्ते चालून झाल्यावर सांगतो: हात बसवायचा असेल तर सेइकोच्या घराण्यातलं घड्याळ घ्या. फर्स्ट कॉपीवर पैसे आणि वेळ घालू नका. जुन्या घड्याळाकडे जरा उशिराने या.

मशीनपासून सुरुवात करू. फर्स्ट कॉपीत कुठलं मशीन निघेल हे झाकण उघडेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. स्वस्तातल्या मालात बहुधा डीजी २८१३ असतं, २१ ज्वेलचं, म्हणजे झीज टाळणाऱ्या २१ खड्यांचं, तासाला २१,६०० ठोक्यांचं. त्याच्या वरच्या पायरीवर ईटीए २८२४ या स्विस मशीनची चिनी आवृत्ती येते. महागातल्या नकलांमध्ये रोलेक्सने १९८८ मध्ये आणलेल्या ३१३५ सारखं दिसावं म्हणून घडवलेलं मशीन असतं. दिसायला ते ब्रिज, ते स्क्रू, सगळं तसंच. पण आतला एखादा भाग झिजला की मूळ कंपनीचा भाग त्यात नीट बसेलच असं नाही, आणि नकलेचा सुटा भाग मिळाला तरी तो दुसऱ्या लॉटचा निघतो.

माझं घड्याळ पहिल्यांदा उघडलं तेव्हाचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. भिंगातून पाहिलं तर वरच्या प्लेटवर तेलाचं थारोळं होतं, आणि जिथे तेलाची खरी गरज असते ते पॅलेटचे, म्हणजे टिकटिक करणाऱ्या भागाचे, दोन्ही खडे कोरडे ठणठणीत. काचेच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. झाकणाची रबरी रिंग एका जागी चिमटून चपटी झालेली. सगळ्या फर्स्ट कॉपी अशाच असतात असं मी म्हणणार नाही, काही खरोखर नीट जुळवलेल्या असतात. पण तुमची कशी आहे हे विकत घेतल्यानंतरच कळतं.

याउलट एनएच३५. सेइकोच्याच कारखान्यातलं हे मशीन कितीतरी छोट्या ब्रँड्सच्या घड्याळांत असतं. २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावी भरल्यावर ४१ तास. चावी हाताने भरता येते, आणि क्राउन, म्हणजे बाजूची गुंडी, ओढला की सेकंदाचा काटा थांबतो. कंपनी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मर्यादा देते, पण टाइमग्राफर या चाल मोजणाऱ्या यंत्रावर ठेवून रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी दांडी, केसभर सरकवला की रोजचा फरक पाच-दहा सेकंदांवर आणणं नवख्यालाही जमतं. टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल नावाची सेटिंग ५३ अंश ठेवायला विसरू नका, नाहीतर अँप्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्सचं चाक किती अंश झुलतं त्याचा, आकडा खोटा येतो आणि चांगल्या मशीनवर उगाच शंका येते. चुकून मशीन बिघडलंच, तर दुरुस्तीपेक्षा अख्खं नवं टाकणं सहसा स्वस्त पडतं. शिकणाऱ्याला यासारखा आधार नाही. चूक करायची भीती गेली की हात मोकळा होतो.

काट्याची चाल आणखी गुळगुळीत हवी असणारे बरेच जण फर्स्ट कॉपीकडे त्यासाठीच वळतात. २१,६०० ठोक्यांचं मशीन सेकंदाला सहा पावलं टाकतं, २८,८०० चं आठ. ती आठ पावलं हवी असतील तर मियोटा ९०१५ आहे. सिटिझनच्या घरातलं, ३.९ मिलिमीटर जाडीचं, हक्काचं मशीन. त्यासाठी नकलेच्या दारात जायचं कारण नाही.

आता सुट्या भागांकडे येतो, कारण या छंदात खरा जीव तिथेच आहे. सेइकोचा एसकेएक्स००७ हा डायव्हर, म्हणजे पाण्यात बुडी मारण्यासाठीचं घड्याळ, १९९६ मध्ये आला आणि जवळपास २०१९ पर्यंत चालला. त्याच्याभोवती सुट्या भागांची एक अख्खी दुनिया उभी राहिली, आणि त्या दुनियेत मापं ठरलेली आहेत. डायल २८.५ मिलिमीटर. काच ३१.५. बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याची, चकती बाहेरून ३८. काट्यांची भोकं: तासाच्या काट्याचं १.५०, मिनिटाच्या ०.९०, सेकंदाच्या ०.२०. डायल मागवली की मागे अनेकदा चार पाय येतात, कारण काही केसमध्ये क्राउन तीनच्या जागी असतो आणि काहींत चारच्या जवळ. आपल्याला नको असलेले दोन पाय कटरने छाटायचे. हे एवढं माहीत असलं की पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले पाच भाग टेबलावर एकमेकांत अलगद बसतात. पहिल्यांदा ते बसतात तेव्हा जो आनंद होतो, तो मी तरी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही.

फर्स्ट कॉपीत मापं प्रत्येक कारखान्याची वेगळी. मला फक्त तारखेची चकती बदलायची होती, कारण आकड्यांचं वळण जाड होतं आणि काचेवरच्या भिंगाखाली ते आणखी ठसठशीत दिसायचं. पहिली चकती दातांत अडकली. दुसरी फिरली, पण आकडा खिडकीच्या खाली सरकायचा. तिसरीसाठी डायलचे पाय घासावे लागले. शेवटी आकडा खिडकीच्या मधोमध आला तोवर दोन महिने गेले होते, आणि त्या दोन महिन्यांत घासायचं कसं याखेरीज नवं काही शिकलो नव्हतो. पुढची पायरी म्हणजे नकलेत अस्सल कंपनीचे भाग घालणं, ज्याला फ्रँकेन म्हणतात. तिथे एकेका भागाचा खर्च घड्याळाच्या कितीतरी पट होतो आणि हाती उरतं ते शेवटी नकलीच.

काटे बसवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कुठलंही घड्याळ घेतलं तरी हात इथेच बसतो. डायल लावून झाली की क्राउन फिरवत राहायचं, तारीख उडी मारेपर्यंत. उडी पडली की तिथेच थांबायचं आणि तासाचा काटा बरोबर बारावर दाबायचा. मग मिनिटाचा, तोही बारावर. दोन्ही काटे एकमेकांना आणि डायलला समांतर आहेत का हे बाजूने, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघायचं. एक पूर्ण फेरी फिरवून बघायची, कुठे घासतंय का. सेकंदाचा काटा सगळ्यात शेवटी. ०.२० मिलिमीटरच्या भोकात तितकीच बारीक सुई जायला हवी. चिमट्याने धरला की वाकतो, म्हणून रोडिको या चिकट पुट्टीच्या गोळीवर चिकटवून न्यायचा, सुईवर नुसता टेकवायचा आणि मग प्रेसने हलकेच दाबायचा. तो बसल्याचं बोटाला कळतं. पहिल्या दहा वेळा बहुधा कळत नाही, अकराव्यांदा कळतं.

पाण्याचं थोडक्यात. काच, क्राउन किंवा झाकण, काहीही काढून बसवलं की घड्याळावर लिहिलेले मीटर रद्द समजायचे. रिंगा नव्या टाकून, सिलिकॉनचं ग्रीस लावून, प्रेशर टेस्ट झाल्यावरच नळाखाली धरा. हे तिन्ही पर्यायांना लागू आहे. फर्स्ट कॉपीला तर मुळातच लागू, डायलवर ३०० मीटर छापलेलं असलं तरी. आणि एक बारकावा: एसकेएक्स २०० मीटरचा खरा डायव्हर होता, २०१९ नंतरची नवी सेइको ५ स्पोर्ट्स १०० मीटरची आहेत आणि त्यांचा क्राउन स्क्रूचा नाही. आत ४आर३६ आहे, म्हणजे मशीन एसकेएक्समधल्या जुन्या ७एस२६ पेक्षा सरस, पण पोहायला नेणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा.

नावाचा आणि कायद्याचा प्रश्न बरेच जण टाळतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सदस्य देशांनी व्यापारी प्रमाणावरची जाणीवपूर्वक ट्रेडमार्क नक्कल फौजदारी गुन्हा धरायची आहे. प्रवासाच्या सामानातल्या वैयक्तिक वापराच्या एखाद्या वस्तूला सूट द्यायची की नाही, हे त्या करारानेच देशांवर सोडलं आहे, त्यामुळे नियम जागोजागी वेगळे. पण तुम्ही सुधारलेली फर्स्ट कॉपी विकायला काढलीत की मामला सरळ बिघडतो, आणि जितकी छान सुधाराल तितका जास्त, कारण पुढच्या माणसाला ती अस्सल म्हणून खपवता येते.

अमेरिकेतले दोन निकाल इथे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. व्हॉर्टिक नावाची एक छोटी कंपनी जुन्या हॅमिल्टन खिशातल्या घड्याळांची मशीनं नव्या केसमध्ये बसवून मनगटी घड्याळं करते. हॅमिल्टनने खटला भरला, आणि २०२१ मध्ये अपिलातही व्हॉर्टिक जिंकली, कारण काय जुनं आणि काय नवं हे ती उघड सांगत होती. उलट, अस्सल रोलेक्स घड्याळांना बाहेरच्या डायल आणि बेझल लावून ती अस्सल रोलेक्स म्हणून विकणाऱ्या बेकरटाइमविरुद्धचा निकाल २०२४ मध्ये अपिलात कायम राहिला. म्हणजे मूळ घड्याळ खरं असूनही अडचण झाली. प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: डायलवर जे लिहिलंय ते खरं आहे का?

हा नियम सेइकोवाल्यांनाही लागू आहे, हे आवर्जून सांगायला हवं. बाजारात सेइको किंवा ग्रँड सेइकोचं नाव छापलेल्या बाहेरच्या डायल सर्रास मिळतात. त्याही नकलीच. कोरी डायल घ्या. नाव नसलेली डायल मनगटावर फार सुंदर दिसते.

त्या फर्स्ट कॉपीचं काम संपल्यावर मला एक गोष्ट लागली. लोक विचारायचे, “ओरिजिनल आहे का?” ‘हो’ म्हटलं तर खोटं, ‘नाही’ म्हटलं तर संभाषण तिथेच संपायचं. मी भरलेला ल्युम, मधोमध आणलेली तारीख, यातलं काही कुणाला दाखवायची सोयच नव्हती. काम जितकं चांगलं, तितकं ते लपलेलं. सेइकोच्या मॉडकडे बघून लोक विचारतात, “हे कुठलं घड्याळ?” आणि मी दहा मिनिटं बोलत राहतो.

डायव्हर घड्याळाचं ते प्रसिद्ध रूपच हवं असेल तर त्यालाही सरळ वाट आहे. इन्व्हिक्टा ८९२६ सारखं घड्याळ घ्या. रूप ओळखीचं, नाव स्वतःचं, आत एनएच३५. केसच्या कडेला कोरलेलं मोठं नाव खटकतं म्हणून अनेक जण ते घासून काढतात. धातूकामाचा तो छान पहिला धडा होतो. आणि काही वेगळं हवं असेल तर रशियाचं व्होस्टोक अँफिबिया बघा, १९६७ पासून चालत आलेलं. बेझल हाताने उचकटता येते, काच ॲक्रिलिकची, चरा पडला की पॉलिशने जातो. क्राउन उघडल्यावर डुगडुगतो म्हणून घाबरू नका, रचनाच तशी आहे. मात्र डायल आणि काट्यांची निवड सेइकोइतकी मोठी नाही.

जुन्या घड्याळाचा रस्ता वेगळ्या स्वभावाच्या माणसाचा. इथे बदलण्यापेक्षा जपण्याचं काम जास्त. डायल रंगवून नवी केली की बहुतेक वेळा तिचं मोल जातं, म्हणून हात आवरता यायला हवा. आणि एक धोका गंभीर आहे: साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या चमकणाऱ्या डायलवर रेडियम असू शकतं. चमक कधीच मेलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. तो पिवळट-तपकिरी ल्युम खरवडू नका, फुंकू नका, त्याची धूळ नाकात जाता कामा नये. ज्यांना मशीन पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून परत जुळवायला शिकायचं आहे, त्यांनी जुन्याआधी युनिटास ६४९७ किंवा त्याची चिनी आवृत्ती घ्यावी. ३६.६ मिलिमीटरचं हातचावीचं मशीन, भाग मोठे, ऑटोमॅटिकचा गुंता नाही, तारखेची कटकट नाही. कुठलं चाक कुणाला फिरवतं हे नुसत्या डोळ्यांना दिसतं.

तेव्हा ज्याला आठवड्याभरात मनगटावर स्वतःचं घड्याळ बघायचंय, त्याने एनएच३५, केस, कोरी डायल आणि काटे सुटे मागवून जुळवावेत. ज्याच्याकडे नवं सेइको ५ आहे, त्याने आधी फक्त काच आणि बेझल बदलावी, मग डायलला हात घालावा. ज्याच्याकडे धड अवस्थेतला मूळ एसकेएक्स आहे, त्याने तो तसाच ठेवावा; ते आता पुन्हा बनत नाहीत.

आणि घरात पडलेली ती फर्स्ट कॉपी? विकू नका, भेटही देऊ नका. तिचे काटे काढा आणि बसवा, वीस वेळा. क्राउनचा दांडा सोडवा, परत घाला, कळ किती हलकी दाबायची ते बोटाला कळू द्या. डायलवर चरा पडला तर पडू दे. नवं सेइको उघडाल तेव्हा हात थरथरणार नाही.