होडी आधीच पाण्यात का होती?

एका लहान बेटावर होडी भाड्याने घेताना आम्ही फसलो. गेलेली रक्कम फार मोठी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या तिथल्या सहा रात्रींच्या भाड्याइतकी. पण पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्याच्या हिशेबात सहा रात्री म्हणजे अर्धी सहल. आणि जास्त झोंबलं ते हे, की आम्ही दोघंही स्वतःला बरेच शहाणे समजत होतो.

बेटाचं नाव लिहीत नाही. त्या किनाऱ्यावर होड्या भाड्याने देणारा तो एकटाच आहे, त्यामुळे बेटाचं नाव लिहिलं की त्याचंच लिहिल्यासारखं होईल आणि माझ्याकडे साधी पावतीसुद्धा नाही. शिवाय जिथे एकच जेटी, दिवसातून एकच बोट आणि फोनला रेंज नाही, अशा कुठल्याही बेटावर हे घडू शकतं.

मी आणि माझा धाकटा भाऊ. गर्दीचं मोठं बेट सोडून पुढच्या लहान बेटावर जायचं, सकाळी स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून तरंगत पाण्याखालचं बघणं, दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं, एवढाच बेत. फसवणुकीबद्दल निघण्याआधी भरपूर वाचलं होतं. एटीएमने ‘तुमच्याच देशाच्या चलनात पैसे कापू का’ असं विचारलं की नाही म्हणायचं, कारण तो दर जवळजवळ नेहमी आपल्या तोट्याचा असतो. जेटीबाहेर रेंगाळणाऱ्याकडून तिकीट घ्यायचं नाही. जिथे न्यायचं कबूल केलंय ती जागा मुळात उघडी आहे का, ते आधी बघायचं. हे शेवटचं फार लोक विसरतात. थायलंडमधली माया बे ही खाडी २०१८ मध्ये बंद केली ती २०२२ मध्ये उघडली, आणि आता तिथे पोहायला मनाई आहे. तिथलीच सिमिलान बेटं तर दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. तरी ‘स्पेशल ट्रिप’ विकणारा कुठे ना कुठे भेटतोच. आम्ही हे सगळे सापळे चुकवत बेटावर पोचलो आणि तिथेच गाफील झालो.

पहिले दोन दिवस किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरत होतो. कोरलचं, म्हणजे प्रवाळाचं, तंत्र असं, की किनाऱ्यालगतचा पट्टा उथळ असतो. ओहोटीला तिथे घोट्याएवढं पाणी राहतं, पोहायला गेलं तर गुडघे सोलवटतात आणि कोरलचंही नुकसान होतं. खरी मजा पलीकडच्या कडेला, जिथे तळ एकदम खाली उतरतो. पहिल्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही त्या दिशेने थोडं पोहत गेलो, तेव्हा पाण्याखाली कटकट आवाज ऐकू आला, कुणीतरी कुरमुरीत काहीतरी चावत असल्यासारखा. ते पॅरटफिश होते. चोचीसारख्या दातांनी ते खडक खरवडतात, आणि किनाऱ्यावरची बरीचशी पांढरी वाळू त्यांच्याच पोटातून गेलेली असते. एवढं ऐकल्यावर कडेपर्यंत जायचंच, असं ठरलं. पोहत जायला अंतर जास्त होतं, परतीला दम उरला नसता. म्हणून कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी.

फळ्यांचं एक खोपट, बाहेर दोरीवर टांगलेले मास्क, वाळूत चारेक होड्या. माणूस इतका गोड की शंका घ्यायचीच लाज वाटावी. भरती किती वाजता उतरेल, प्रवाह कुठल्या बाजूला ओढतो, कुठे नांगर टाकायचा नाही, सगळं त्याने वाळूत काठीने रेघा मारून समजावलं. मग अनामत. मी पैसे काढले तर हात हलवून म्हणाला, ‘‘पैसे कशाला सिस्टर, पासपोर्ट ठेवा. इथे सगळे तेच करतात. आणि तो पाण्यात घेऊन कुठे जाणार?’’

आम्ही फसलो ते या शेवटच्या वाक्याला. आम्हाला खरंच तो प्रश्न पडला होता. खोलीच्या दाराला धड कडी नव्हती आणि आमची पाण्यातली पिशवी आदल्याच दिवशी गळाली होती. त्याने मागितलेलं तारण आम्हाला त्याने केलेली सोय वाटली. भावाचा पासपोर्ट त्याने आमच्यासमोर प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं, डबा पेटीत टाकला, पेटीला कुलूप. मी तर थँक यू म्हणाले!

आता आमची हुशारी ऐका. मी प्रत्येक मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवला आणि नाकाने श्वास ओढून बघितला. हात काढल्यावरही चिकटून राहिला तर मास्क बसतो, नाहीतर गळतो. काचेवर ‘टेंपर्ड’, म्हणजे मजबूत केलेली, असं लिहिलंय का ते पाहिलं. पोहताना पायात घालायच्या फिन्सच्या टाचेजवळचं रबर वाकवून चिरा शोधल्या. भावाने या सगळ्याचा व्हिडिओ काढला, तारीख-वेळेसकट. हे चालू असताना त्या माणसाने पिवळी कयाक ओढत नेली आणि गुडघाभर पाण्यात धरून उभा राहिला. ‘‘चला चला, भरती उतरेल.’’ आम्ही पळत गेलो आणि बसलो.

होडीचा तळ आम्ही पाहिलाच नाही. पाहता येऊ नये म्हणूनच ती आधीच पाण्यात होती.

समुद्रातले ते दोन तास सुंदर गेले, ते खोटं कशाला सांगू. परतताना मात्र वल्ही मारून मारून खांदे भरून आले. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, ही जड का वाटतेय?’’ मी म्हटलं, तू दमलायस. बसायच्या जागेखालून डुबुक डुबुक आवाज येत होता. असल्या होड्या आतून पोकळ असतात, वर बसून चालवायच्या. त्यांना आरपार भोकं असतात, त्यातून पाणी वर आलं तरी काही बिघडत नाही, हे मला माहीत होतं. पण ते पाणी वर खेळतं, पोटात शिरत नाही, एवढा विचार त्या उन्हात सुचला नाही.

किनाऱ्याला लागायच्या आत तो दोन पोरांना घेऊन हजर. तिघांनी कयाक वर ओढली, उलटी केली. भळाभळा पाणी आलं. आणि तळाला, बसायच्या जागेच्या डावीकडे, वीतभर लांब चीर.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर आम्हीही भांडलो असतो. तो वाळूत मटकन बसला आणि चिरेवरून बोट फिरवत म्हणाला, ‘‘सिस्टर, हे काय केलंत?’’ मग थोड्या वेळाने, हळूच, ‘‘कोरलवर घातलीत ना? आता मरीन पार्कवाल्यांना कळवावं लागेल.’’

इथे आमची बोलतीच बंद झाली. गोलसर दगडासारखं दिसणारं कोरल वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. डोक्याएवढा गोळा व्हायला किती वर्षं गेली असतील याचा हिशेब आदल्याच संध्याकाळी मी भावाला ऐकवला होता. परतताना एका जागी खाली काहीतरी खरखरल्यासारखंही वाटलं होतं. म्हणजे त्याने आरोप करायच्या आधीच आम्ही मनातल्या मनात गुन्हा कबूल करून बसलो होतो. खऱ्या नुकसानभरपाईपेक्षा ही शरम वसूल करायला सोपी असते.

त्याने मागितली नव्या कयाकची पूर्ण किंमत. आम्ही नाही म्हटलं, तर ठीक आहे म्हणाला, मोठ्या भावाशी बोला. पेटीची किल्ली त्याच्याकडे आहे, तो बेटाच्या पलीकडे गेलाय, उद्या दुपारी येईल. आमची बोट सकाळी सात वाजता होती. ती चुकली तर पुढचं विमान चुकणार, हे त्यालाही ठाऊक होतं. बोटीबद्दल गप्पा मारताना आम्हीच सांगितलं होतं. फोन करावा तर रेंज नाही. पोलीस चौकी मोठ्या बेटावर. विचारायला दुसरा दुकानदार नाही. हे बेट निवडताना जे जे नाही म्हणून आम्ही खूश झालो होतो, ते सगळं आता त्याच्या बाजूने उभं होतं.

मग झाडाखाली बसलेले एक वयस्कर गृहस्थ उठून आले. चष्मा, शांत आवाज. दोघांचं ऐकून घेतलं, त्याला त्यांच्या भाषेत जरा झापल्यासारखं केलं, आणि अर्ध्यावर तडजोड करून दिली. नंतर आणखी थोडे कमी करायला लावले. आम्ही रोख पैसे मोजले. किल्ली पाच मिनिटांत सापडली. पलीकडे गेलेल्या मोठ्या भावाचं काय झालं, हे विचारायचं भानच आम्हाला नव्हतं. निघताना मी त्या काकांचे हात हातात घेऊन आभार मानले. अजून आठवलं की कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी बोटीत एक परदेशी बाई शेजारी बसली होती. पाठ भाजून लालभडक झालेली, म्हणून मी तिला जेल दिलं आणि बोलणं सुरू झालं. मी कयाक म्हणताच तिने विचारलं, ‘‘पिवळी? बसायच्या जागेखाली, डावीकडे?’’

तिच्या फोनमध्ये त्याच चिरेचा फोटो होता, नऊ दिवसांपूर्वीचा. तिच्याही बाबतीत तोच कोरलचा आरोप, तेच चष्मेवाले आजोबा. फरक एवढाच, की तिने पासपोर्ट द्यायला साफ नकार देऊन रोख अनामत ठेवली होती. त्यांनी पैसे मागितल्यावर ती म्हणाली, अनामत ठेवून घ्या, आणि चालू लागली. तिचं नुकसान अनामतीपुरतं झालं. आमच्याकडे चालू लागण्याची सोयच नव्हती.

मग मी आमच्याकडचा चिरेचा फोटो मोठा करून पाहिला. चिरेच्या आतल्या कडा काळपट होत्या आणि खोबणीत हिरवट शेवाळाचा पातळ थर होता. ताजं फुटलेलं प्लॅस्टिक आतून स्वच्छ, फिक्या रंगाचं दिसतं. दोन तासांत शेवाळ धरत नाही. आणि कोरलवर घासली असती तर आजूबाजूला लांब ओरखडे दिसले असते. इथे एकटी चीर होती, माणसाचं वजन पडतं त्याच जागी. हे सगळं त्या वाळूत आमच्या नाकासमोर होतं. बघायचं सोडून आम्ही मान खाली घालून उभे होतो.

युक्ती काही नवी नाही. जेट-स्की आणि स्कूटरच्या बाबतीत हे थायलंडमध्ये इतकं चालतं, की ब्रिटनचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांना पासपोर्ट तारण ठेवू नका असं बजावतं. मी ते वाचलंही होतं. पण डोक्यात चित्र होतं आरडाओरडा करणाऱ्या टोळक्याचं आणि इंजिनवाल्या महागड्या यंत्राचं. वाळूत रेघा मारून भरती समजावणारा माणूस आणि साधी वल्ह्याची होडी त्या चित्रात बसत नव्हती.

तेव्हा कुणी निघत असेल तर एवढं करा. पासपोर्ट द्यायचाच नाही. बहुतेक देशांत तो आपल्या मालकीचा नसून सरकारच्या मालकीचा असतो, तेव्हा ‘तो गहाण ठेवायची मला परवानगी नाही’ हे सांगायला सोपं आणि खरंही आहे. झेरॉक्स द्या, रोख द्या, आणि रोख तेवढीच, जेवढी सोडून जाता येईल. सोडून जाता येईल एवढी अनामत त्याला नको असेल तर होडी घेऊ नका, त्या दिवशी किनाऱ्यावर लोळा. होडी वाळूत उलटी करून बघा आणि मालकाला फ्रेममध्ये घेऊन तळाचा व्हिडिओ काढा. बूच उघडून आत पाणी साठलंय का ते पाहा. परतीची बोट कधीची आहे हे कुणी विचारलं तर उद्याची असली तरी परवाची सांगा. आणि भाड्याची वस्तू शेवटच्या दिवशी घेऊच नका, पहिल्या दिवशी घ्या, म्हणजे घाई त्याला असेल, तुम्हाला नाही.

वाद झालाच तर ‘टुरिस्ट पोलिसांसमोर बसून बोलू, बोट चुकली तरी चालेल’ असं म्हणून बघायला हवं होतं, असं आता वाटतं. मोठ्या बेटावर पोचल्यावर आम्ही तक्रार दिली. अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं, पावती मागितली, मग होडी घेण्याआधीचा फोटो मागितला. त्या बाईने तिचा फोटो पाठवला, तोही जोडला. पुढे काही कळलं नाही.

भावाचा तो व्हिडिओ अजून आहे. मास्क दिसतात, फिन्स दिसतात, शेवटी तीन-चार सेकंद मी पळत जाऊन होडीत बसतानाची. मागे तो गुडघाभर पाण्यात उभा आहे, हसतोय, आणि दोन्ही हातांनी कयाकची डावी कड पाण्यात दाबून धरलीय. तेव्हा मला वाटलं होतं, मी पडू नये म्हणून धरलीय.