एडेसाची सहल: शहर दिसते, संस्थान निसटते

तुर्कस्तानातील शानलिउर्फा म्हणजे पूर्वीचे एडेसा. 1098 मध्ये येथे उभे राहिलेले आणि 1150 पर्यंत कसेबसे तगलेले पहिले क्रुसेडर (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे) संस्थान उलगडून दाखवण्यासाठी एक स्थानिक संस्था दिवसभराची सहल नेते. मार्गदर्शक अभ्यासू आहे, गट लहान असतो आणि वेळ काटेकोर पाळली जाते.

सर्वांत रंगला तो स्थापनेचा प्रसंग. शहराचा आर्मेनियन अधिपती थोरोस निपुत्रिक होता. तुर्कांच्या धास्तीने त्याने क्रुसेडर सरदार बाल्डविनला बोलावून दत्तक घेतले आणि त्या विधीत दोघे उघड्या छातीने एकाच अंगरख्यात शिरले. लवकरच दंगल उसळून थोरोस मारला गेला व दत्तकपुत्र सत्ताधीश झाला. बाल्डविनला कटाची कल्पना होती काय, यावर लॅटिन आणि आर्मेनियन इतिवृत्तकार परस्परविरोधी सांगतात, हे मार्गदर्शकाने आडपडदा न ठेवता मांडले. किल्ल्यावरच्या दोन खांबांपाशी मात्र, निमरूद राजाने प्रेषित इब्राहिमाला तेथून आगीत फेकल्याच्या दंतकथेत, नको इतका वेळ गेला. ते खांब क्रुसेडरांच्या कित्येक शतके आधीचे आहेत.

खरी उणीव अशी, की सहल शहराबाहेर पडतच नाही. या संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता आणि फरात (युफ्रेटिस) नदीने त्याचे दोन तुकडे केले होते, ही गोष्ट नदी पाहिल्यावाचून नीट उमगत नाही. 1144 च्या नोव्हेंबरअखेर मोसुल व अलेप्पोचा तुर्क सत्ताधीश इमादुद्दीन झंगी याने शहराला वेढा घातला, तेव्हा संस्थानाचा अधिपती काउंट दुसरा जोसलिन सैन्यासह नदीपलीकडे तुर्बेसेलच्या किल्ल्यावर होता. झंगीच्या माणसांनी तटाखाली भुयारे खणली, त्यांना दिलेले लाकडी टेकू पेटवले आणि 24 डिसेंबरला तट कोसळला. भुयाराचे तंत्र मार्गदर्शकाने झकास समजावले. काउंट वेळेवर का पोहोचला नाही, हे एका वाक्यात उरकले. शहर गेल्यावरही नदीपलीकडचे किल्ले काही वर्षे टिकले आणि जोसलिन कैद झाल्यावर त्याची पत्नी बिएट्रिस हिने ते बायझंटाइन सम्राटाला विकले, याचा तर उल्लेखही झाला नाही.

क्रुसेडांची तोंडओळख हवी असणाऱ्यांनी ही सहल जरूर घ्यावी. ज्यांना संस्थानाच्या ऱ्हासाची कारणे शोधायची आहेत, त्यांनी दुसरा दिवस राखून स्वतंत्र वाहनाने नदीकाठचे बिरेजिक आणि पुढे तुर्बेसेलची टेकडी गाठावी.