हेरिंगबोन मिक्सर चिप : सात महिने वापरल्यानंतर

काल प्रयोग ऐन भरात असताना चिपच्या आउटलेटजवळचा बाँड, म्हणजे तिचे थर जोडणारा सांधा, सुटला आणि जपून ठेवलेला प्रथिनाचा नमुना काचेवर पसरला. म्हणून अतिशय अरुंद वाहिन्यांत दोन द्रव मिसळणाऱ्या या चिपबद्दल आज लिहायला बसले.

मिसळण्याच्या कामाबद्दल तक्रार नाही. आधीच्या साध्या वाय-चॅनेलमध्ये (Y आकाराच्या वाहिनीत) दोन द्रव शेवटपर्यंत शेजारी शेजारी वाहायचे. इतक्या अरुंद जागेत खळबळ होतच नाही, सगळी भिस्त डिफ्यूजनवर, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यावर. २०० मायक्रोमीटर ओलांडायला फ्लुओरेसिन या हिरव्या चमकणाऱ्या रंगाला पाऊण मिनिट लागतं, अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला पाच मिनिटांहून जास्त. स्ट्रूक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या, वाहिनीच्या तळातल्या या तिरक्या (हेरिंगबोन) खाचा प्रवाहाला पुन्हा पुन्हा दुमडतात, आणि माझ्या चिपमध्ये दीड सेंटीमीटरवर हिरवा रंग एकसारखा होतो. पहिल्यांदा ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा किती वेळ डोळा काढवत नव्हता!

पण बुडबुडे. खाचेच्या कोपऱ्यात एक बसला की हलत नाही. चिप उलटी धरून उपयोग नाही, या आकारात पृष्ठीय ताणापुढे प्लावक बल (बुडबुड्याला वर उचलणारं बल) नगण्य असतं. शिवाय अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुगते, त्यामुळे पंपाचा वेग बदलला तरी प्रवाह बराच वेळ स्थिरावत नाही. चार महिने मी चिपलाच दोष देत होते.

मग लक्षात आलं, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) मी फ्रिजमधून काढून थेट सिरिंजमध्ये भरत होते. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते, ते चिपमध्ये कोमट झालं की ती बाहेर येते. चूक माझी होती. आता बफर खोलीच्या तापमानाला आणून व्हॅक्यूमखाली ठेवते. चिप आधी इथेनॉलने भिजवते, ते खाचांत सहज शिरतं. मग भरपूर बफर सोडते, नाहीतर उरलेल्या इथेनॉलने प्रथिन साकळतं. तेव्हापासून नव्वद टक्के त्रास गेला.

कालचा दहा टक्क्यांतला. बुडबुडा ढकलायला मी प्रवाह वाढवला आणि बाँडने दम तोडला.

काटकसर म्हणून एक चिप पाच-सहा वेळा वापरते. फ्लुओरेसिन धुऊन जातं. ऱ्होडामाइन बी हा रंग मात्र पीडीएमएसमध्ये, म्हणजे चिपच्या सिलिकॉन रबरात, मुरतो, त्याची चिप वेगळीच ठेवा.

बनवणाऱ्यांना एकच सांगणं: इनलेटपाशी बुडबुडा अडवणारा एक छोटा कप्पा द्या. त्यासाठी चिप थोडी लांब झाली तरी चालेल.