स्टेप्स झकास, पण प्रॅक्टिस मोड गंडलाय
इंटिग्रेशनचं, म्हणजे डेरिव्हेटिव्हवरून उलटं मूळ फंक्शन शोधायचं, ॲप कसं आहे हे बघायला त्याला मोठमोठी गणितं द्यायची गरजच नाही, साधं २एक्स + ३ द्या आणि कसं वागतंय बघा, तिथेच सगळं उघडं पडतं.

या ॲपच्या स्टेप्स खरंच झकास आहेत. दोन टर्म वेगळ्या करतं, एक्सची पॉवर १ ची २ होते, त्या नव्या पॉवरने भागायचं, मग वरचा २ नि खालचा २ कटाप, राहिला एक्सचा वर्ग. ३ चं ३एक्स कसं होतं तेपण नीट सांगितलंय, म्हणजे ३ हे ३ गुणिले एक्सचा शून्यावा घात धरायचं आणि तोच नियम लावायचा. बऱ्याच ठिकाणी इथे नुसतं उत्तर फेकून मोकळे होतात. आणि शेवटी आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून परत २एक्स + ३ मिळतंय हे दाखवतं, एक नंबर.

आता घोळ ऐका. सबस्टिट्यूशनचं वेगळं बटण आहे, ते दाबलं की २एक्स + ३ ला यू मानतं, डीएक्स म्हणजे डीयू भागिले २, आणि उत्तर येतं (२एक्स + ३) चा वर्ग भागिले ४, अधिक सी (सी म्हणजे कुठलाही स्थिर आकडा, डेरिव्हेटिव्ह काढलं की तो उडतो). नवीन पोरगं बघतच राहणार ना, मघाशी तर एक्सचा वर्ग + ३एक्स + सी होतं! दोन्ही बरोबरच आहेत, कंस सोडवला की एक्सचा वर्ग + ३एक्स + ९/४ मिळतं आणि ते जादाचे ९/४ सी मध्येच जिरतात, पण ॲप यावर चकार शब्द काढत नाही. वर प्रॅक्टिस मोडमध्ये हे दुसरं उत्तर टाकलं तर लाल फुली, म्हणजे स्वतःचंच उत्तर चूक, आता बोला. आणि + सी गाळलं तर मात्र हिरवी टिक, जिथे कान पिळायचा तिथे लाड.

ग्राफ भारी आहे पण. सी चा स्लायडर सरकवला की अख्खा पॅराबोला वरखाली होतो, उतार जागच्या जागी तोच. एक्स १ असताना किंमत ७ हवी म्हटलं तर १ + ३ + सी = ७, सी ३ वर आणा, वक्र बरोब्बर त्या बिंदूतून जातो.

साडेतीन स्टार, त्यातला एक नुसत्या स्लायडरचा. प्रॅक्टिस मोड सुधारेपर्यंत बंदच ठेवा.