दार उघडलं आणि फोन गप्प: चार वायरलेस डोअर सेन्सर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आई रात्री उठून दार उघडायला लागली, तेव्हा मी हे सेन्सर घेतले. तिला विसरण्याचा आजार आहे. दोन-अडीचच्या सुमाराला ती जागी होते, आपल्याला कुठेतरी जायचंय असं तिच्या मनात येतं आणि ती कडी काढते. दार उघडताक्षणी माझ्या उशाशी घंटी वाजावी, एवढंच मला हवं होतं. चार नग मागवले: मुख्य दार, गॅलरी, मागचं दार आणि औषधांचं कपाट. पहिल्या दीड महिन्यात सगळे परत पाठवायला निघाले होते. आज त्यातले तीन आपापल्या जागी आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक सेन्सरांची रचना सारखीच असते आणि मला आलेल्या अडचणी दुसऱ्या कुणाच्या डब्यातूनही निघतील.

आधी वस्तूबद्दल. झिगबीवर, म्हणजे घरातल्या छोट्या उपकरणांसाठीच्या कमी विजेच्या वायरलेस जोडणीवर चालतो, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, सोबत एक छोटा चुंबक. आत रीड स्विच असतो: काचेच्या बारीक नळीत दोन लोहयुक्त पात्या, चुंबक जवळ आला की एकमेकींना चिकटतात, लांब गेला की सुटतात. ही युक्ती १९३६ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या वॉल्टर एलवुड यांनी काढली. झिजण्यासारखं त्यात फारसं काही नाही, आणि माझ्या चारपैकी एकाचाही स्विच खराब निघाला नाही. त्रास झाला तो बाकीच्या गोष्टींचा.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री गार वाऱ्याने मला जाग आली. गॅलरीचं दार सताड उघडं, आई कठड्याला धरून उभी. तिला आत आणून झोपवलं आणि मग फोन पाहिला. अ‍ॅपमध्ये ‘गॅलरी: बंद’. ती दोन अक्षरं मी अजून विसरलेले नाही.

ग्राहकसेवेने सांगितलं, रीसेट करून पुन्हा पेअर करा, म्हणजे नव्याने जोडा. केलं. तीनदा केलं. दर वेळी दिवसभर उत्तम चाले आणि रात्री पुन्हा तेच. मग मी वही घेतली आणि बारा दिवस प्रत्येक वेळी दार उघडून नोंद केली. दिवसा एकही चूक नाही, रात्री अकरानंतर मात्र पाच वेळा निरोप पोचला नाही. सेन्सरवरचा बारीक दिवा तेव्हाही लुकलुकत होता, म्हणजे दार उघडल्याचं त्याला कळत होतं. कुणालाही हा त्रास असेल तर पहिली तपासणी हीच करा: सेन्सरला दिसलंच नाही, की दिसलं पण सांगता आलं नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला असेल तर चुंबक आणि जागा बघायची, दुसरा असेल तर रेंज.

अकरा वाजता आमच्या घरात काय होतं? दादा झोपायला जाताना पॅसेजमधला स्मार्ट दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करतो. तेच कारण होतं. झिगबीमध्ये सेलवर चालणारी उपकरणं बहुतेक वेळ झोपलेली असतात आणि आपला निरोप जवळच्या, विजेवर चालणाऱ्या उपकरणाकडे देतात. ते पुढे हबपर्यंत, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप गोळा करणाऱ्या मुख्य यंत्रापर्यंत नेतं. गॅलरीच्या सेन्सरने त्या दिव्याचाच आधार धरला होता. बटण दाबलं की आधार गेला. सेन्सर नवा आधार शोधतो खरा, पण सेल वाचवण्यासाठी तो घाई करत नाही. सकाळी दिवा लागला की सगळं पुन्हा सुरळीत, म्हणून मी दिवसा केलेली प्रत्येक चाचणी पास होत होती.

उपाय सोपा निघाला. पॅसेजमध्ये एक स्मार्ट प्लग कायमचा चालू ठेवला आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. स्मार्ट दिवा त्या जागेवरून काढला आणि साधा लावला. मग सेन्सर त्या प्लगमार्फतच पेअर केला. वीज गेली की प्लगही जाणार, म्हणून हब, वाय-फायचा राउटर आणि तो प्लग अशा तिघांना एकाच यूपीएसवर घेतलं; त्यासाठी पॅसेजपर्यंत तार ओढावी लागली. तेव्हापासून गॅलरीच्या दाराने एकदाही दगा दिलेला नाही.

मुख्य दाराचं दुखणं वेगळं. तिथे दार बंद असूनही अ‍ॅप ‘उघडं’ म्हणे, मधूनच घंटी वाजे आणि आई दचकून उठे. ते दार लोखंडी पत्र्याचं, चौकटही लोखंडी. डब्यावर दोन सेंटिमीटरपर्यंत फट चालेल असं लिहिलं आहे. लाकडी कपाटावर ते खरं ठरलं, इथे मात्र पाऊण सेंटिमीटरलाच स्विच सुटायला लागला. लोखंड चुंबकाचं बळ स्वतःकडे ओढून घेतं, स्विचपर्यंत कमी पोचतं. शिवाय पत्र्याला चिकटून बसवला की सेन्सरच्या अँटेनाचीही ताकद जाते. चुंबक आणि सेन्सर दोन्हींखाली पाच मिलिमीटरचे लाकडी तुकडे लावले आणि दोघांवरच्या खुणा अगदी समोरासमोर आणल्या. फरक लगेच पडला, पण खोट्या घंट्या पूर्ण थांबल्या नाहीत, कारण दार बिजागऱ्यांत थोडं खेळतं.

मागच्या दाराचा सेन्सर आठवड्यातून दोनदा यादीतून गायबच व्हायचा. त्याचा दोष निघाला हबच्या बाजूला. माझा हब म्हणजे एका छोट्या संगणकाला लावलेलं यूएसबी डोंगल (पेन ड्राइव्हसारखा छोटा झिगबी रेडिओ), आणि शेजारच्याच खाचेत यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि झिगबीही त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर कागद प्रसिद्ध केला आहे. दीड मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल भिंतीवर टांगलं. सिग्नलचा दर्जा दाखवणारा एलक्यूआय हा आकडा २५५ पर्यंत जातो. माझा तिशीच्या आसपास घुटमळत होता, तो शंभराच्या पुढे गेला. या सगळ्या दुरुस्त्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी हीच, आणि डब्यातल्या माहितीपत्रकात तिच्याबद्दल एक ओळ नाही, याचा मला राग आहे.

त्याच दिवशी झिगबीचा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातला बोलण्याचा ठरावीक कप्पाही बदलला. झिगबीचा ११ नंबरचा चॅनल वाय-फायच्या १ नंबरच्या अंगावर येतो आणि माझं वाय-फाय तिथेच होतं. झिगबी २५ वर नेलं. २६ त्याहून मोकळा असतो, पण काही उपकरणं त्यावर चालत नाहीत किंवा कमी ताकदीने बोलतात. चॅनल बदलल्यावर दोन सेन्सर आपोआप आले, दोन पुन्हा पेअर करावे लागले. हे काम रात्री करायला घेऊ नका.

औषधांच्या कपाटाचा सेन्सर ‘सेल १०० टक्के’ दाखवत दाखवत एके दिवशी बंद पडला. या सेन्सरातल्या सीआर २०३२ या बटणासारख्या चपट्या सेलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ तीन व्होल्टच राहतो आणि मग एकदम घसरतो, त्यामुळे टक्क्यांवर विश्वास ठेवू नये. मीटरवर तो सेल २.९ दाखवत होता. पण निरोप पाठवताना जो झटका लागतो तो त्याला पेलत नव्हता. आणखी एक गोष्ट: मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप देतात. तो लेप काही उपकरणांत संपर्कात आड येतो. सेल बदलल्यावरही सेन्सर जागा होत नसेल तर लेप नसलेला सेल लावून बघा. जुने सेल मात्र घरात इकडेतिकडे ठेवू नका. गिळलेला सेल आतून भाजतो, आणि आमच्याकडे ती काळजी आईसाठीही आहे, म्हणून ते कुलपात असतात.

इथपर्यंतच्या बहुतेक गोष्टी जागेच्या आणि जोडणीच्या. पण एक दोष निखालस या उत्पादनाचा आहे आणि तो मला माफ करता येत नाही. सेन्सर हबशी बोलायचा थांबला तरी कंपनीचं अ‍ॅप शेवटची अवस्थाच दाखवत राहतं. ‘बंद’ म्हणजे दार बंद आहे, की तीन दिवसांपूर्वी बंद होतं, हे कळायला मार्ग नाही. सेन्सर तासाभराने हजेरी देतो, म्हणजे माहिती अ‍ॅपकडे असते. ती दाखवायची तेवढी राहते. मी शेवटी होम असिस्टंट हे घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि एक नियम केला: कुठल्याही सेन्सरकडून तीन तास काहीच आलं नाही, तर फोन वाजला पाहिजे. ज्यांच्या घरी दारामागे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यांनी हा नियम पहिल्या दिवशी करावा.

बाकी जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. निरोप पोचतो तेव्हा सेकंदाच्या आत पोचतो, चिकटपट्टी आठ महिन्यांत सुटली नाही, सेल बदलायला स्क्रू काढावा लागत नाही.

मुख्य दाराचा सेन्सर मात्र मी काढला. तिथे तारेचा रीड स्विच बसवला, चौकटीत भोक पाडून. कपाट, मागचं दार, गॅलरी यांसाठी हाच सेन्सर पुन्हा घेईन. माझे गुण: पाचपैकी तीन. अ‍ॅपमध्ये ‘शेवटचा निरोप किती वाजता’ ही एक ओळ आली की त्याच दिवशी चार करेन.